दीड तास दूरच्या रुग्णाला फोनवरून ब्युप्रेनॉर्फिन: कुठे जमते, कुठे अडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत, ॲपलाशियातल्या एका डोंगराळ काउंटीत जे-वन वेव्हरवर (डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करण्याच्या अटीवर मिळणारी व्हिसाची सवलत) तुम्ही इंटर्निस्ट, म्हणजे इंटर्नल मेडिसिनचे डॉक्टर, म्हणून रुजू झाला आहात. व्यसनउपचाराचे सर्वात जवळचे केंद्र गाडीने दीड तासावर आहे. फेंटानिल (ओपिऑइड, म्हणजे अफूसारखे काम करणाऱ्या गटातले जबर औषध) घेणारे रुग्ण तुमच्याकडे रक्तदाब, जखमा, कावीळ अशी कारणे घेऊन येतात आणि व्यसनाचा विषय निघाला की पुन्हा फिरकत नाहीत. त्यांना टेलिहेल्थवर, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून, ब्युप्रेनॉर्फिन हे ओपिऑइडच्या व्यसनावरचे औषध सुरू करावे का? समोर न बसवता दिलेले हे औषध सुरक्षित असते का? लायसन्स किंवा व्हिसा गोत्यात येईल का? आणि मुळात याचा उपयोग होतो का?

उत्तर आधी देतो: सुरू करा. व्यसनउपचार हेच माझे क्षेत्र आहे आणि ग्रामीण भागातल्या रुग्णांना स्क्रीनवरून किंवा नुसत्या फोनवरून पाहणे हे रोजचे काम. एवढ्या वर्षांत एक मत पक्के होत गेले आहे: व्हिडिओ कॉल हा या उपचारातला सगळ्यात सोपा भाग. उपचार मोडतो तो कॉलच्या अलीकडे किंवा पलीकडे. अलीकडे म्हणजे ‘आता बास’ असे रुग्णाने म्हटल्यापासून पहिली गोळी जिभेखाली जाईपर्यंतचे तास. पलीकडे म्हणजे फार्मसीची खिडकी, आणि त्यानंतरचा पहिला महिना. म्हणून कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, कॅमेरा कसा असावा यावर मी वेळ घालवणार नाही.

आधी हे करायचेच कशासाठी, ते बघू. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना वर्षाला दर हजार रुग्णांमागे ४.३ मृत्यू होते, आणि उपचार सुटल्यावर ९.५. आपल्या इंटर्नल मेडिसिनमध्ये मृत्युदर निम्म्याने खाली आणणारी औषधे किती आहेत, हे तुम्हीच आठवून पाहा. अमेरिकेत २०२३ मध्ये ओव्हरडोसने सुमारे १ लाख ५ हजार माणसे गेली. २०२४ मध्ये हा आकडा घसरून साधारण ८० हजारांवर आला. घसरण मोठी आहे, पण ८० हजार हा काही सुटकेचा श्वास टाकावा असा आकडा नव्हे. कोविडच्या काळातल्या मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी विमा) रुग्णांचा एक अभ्यास २०२२ मध्ये जामा सायकायट्रीत आला. टेलिहेल्थ मिळालेल्या रुग्णांत औषध टिकून राहण्याचे प्रमाण जास्त आणि उपचाराची गरज पडलेल्या ओव्हरडोसचे प्रमाण कमी दिसले. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ‘लांबून दिले तर घात होईल’ ही जी भीती सगळे बाळगून होते, तिला त्यात आधार सापडला नाही.

न तपासता सुरक्षित कसे, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर औषधाच्या स्वभावात आहे. ब्युप्रेनॉर्फिन म्यू रिसेप्टरला, म्हणजे मेंदूत ओपिऑइड जिथे बसतात त्या जागेला, घट्ट चिकटते, पण त्याला अर्धवटच चालना देते. श्वास मंदावण्याचा परिणाम एका पातळीला पोचून थांबतो. मेथाडोन या व्यसनावरच्या दुसऱ्या औषधाचे तसे नाही. तिथे डोस चढत गेला तर श्वासही दबत जातो, आणि व्यसनासाठीचे मेथाडोन अमेरिकेत अजूनही खास परवाना असलेल्या केंद्रांतूनच मिळते. त्यामुळे दूरवरून करायच्या उपचारात मध्यवर्ती औषध ब्युप्रेनॉर्फिनच राहते. ओपिऑइडचा परिणामच रोखणाऱ्या नालट्रेक्सोनची महिन्याची इंजेक्शने आहेत, पण त्याआधी आठवडा-दहा दिवस ओपिऑइडशिवाय काढावे लागतात. घरी बसून फेंटानिल घेणाऱ्याला ते जमेल असे गृहीत धरू नका.

आता कायद्याचे. व्हिसावर असलेल्या डॉक्टरची रात्रीची झोप इथेच उडते, म्हणून नीट सांगतो. २००८ च्या रायन हेट कायद्याने अशी अट घातली की नियंत्रित औषध इंटरनेटवरून लिहायचे तर आधी एकदा तरी रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेले असावे. ३१ मार्च २०२० ला डीईएने (नियंत्रित औषधांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था) कोविडमुळे ब्युप्रेनॉर्फिन नुसत्या फोनवरच्या तपासणीवरही सुरू करायला मुभा दिली. पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ होत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम प्रसिद्ध झाला: राज्याच्या प्रिस्क्रिप्शन नोंदी, म्हणजे पीडीएमपी, तपासून फोनवरूनही सुरुवातीचे ६ महिन्यांचे औषध देता येईल, त्यापुढे प्रत्यक्ष भेट किंवा कायद्याला मान्य असलेला टेलिमेडिसिनचा दुसरा मार्ग लागेल. औषध देताना फार्मासिस्टने रुग्णाची ओळख पटवायची, अशीही अट त्यात आहे. या नियमाच्या अंमलाची तारीखही पुढे ढकलली गेली होती, तेव्हा सध्या काय लागू आहे ते तुमच्या इस्पितळाच्या कम्प्लायन्सवाल्यांकडून लेखी घ्या.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही मुळात तिथलेच डॉक्टर आहात. रक्तदाबासाठी आलेल्या माणसाला तुम्ही एकदा रीतसर तपासलेत की रायन हेटची अट तुमच्यापुरती पूर्ण झाली. पुढचे सगळे फॉलोअप फोनवर करा, ६ महिन्यांचा प्रश्नच येत नाही. दूरच्या शहरात बसून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला जे जमत नाही ते तुम्हाला बसल्या जागी मिळाले आहे. म्हणून जखमेसाठी आलेल्या रुग्णाला त्याच भेटीत विचारा, त्याच भेटीत तपासणी नोंदवा, आणि तो ‘बघू’ म्हणाला तरी फोन नंबर घेऊन ठेवा. तीन आठवड्यांनी, रात्री अकराला त्याचा मेसेज येईल तेव्हा तुमच्याकडे सगळे तयार असेल.

ब्युप्रेनॉर्फिन लिहायला लागणाऱ्या खास परवान्याची, एक्स-वेव्हरची भानगड आता उरलेली नाही. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सही झालेल्या कायद्याने ती काढून टाकली, आणि त्याबरोबर रुग्णसंख्येवरची मर्यादाही गेली. शेड्यूल ३ चे डीईए रजिस्ट्रेशन आणि एकदाच करायचे ८ तासांचे प्रशिक्षण, एवढेच लागते. राज्याचे नियम मात्र वेगळे वाचा. केंद्राने दार उघडले तरी काही राज्ये उंबरठ्यावर अडवतात: कुठे समुपदेशनाची सक्ती, कुठे १६ मिलिग्रॅमच्या वर गेलात तर जास्तीची कागदपत्रे. आणि रुग्ण कॉलच्या वेळी ज्या राज्यात आहे तिथले लायसन्स तुमच्याकडे हवे. डोंगरात राज्याची सीमा कित्येकदा एखाद्या ओढ्यावरून जाते, आणि रुग्ण बहिणीकडे म्हणून पलीकडे गेलेला असतो.

त्यामुळे प्रत्येक कॉलची सुरुवात एकाच प्रश्नाने करा: आत्ता नेमके कुठे आहात? पत्ता लिहून घ्या. लायसन्ससाठी तो लागतोच, पण आणखी एक कारण आहे. रुग्ण बोलता बोलता गुंगला आणि तुम्ही दुसऱ्या काउंटीतून ९११ लावलात, तर तो फोन तुमच्या भागातल्या केंद्रात लागेल, त्याच्या नाही. आजूबाजूच्या काउंट्यांच्या डिस्पॅचचे थेट नंबर एका कागदावर लिहून टेबलाजवळ चिकटवून ठेवा. फार क्वचित लागतो, पण लागतो तेव्हा शोधायला वेळ नसतो.

पहिल्या कॉलमध्ये मी काय विचारतो? काय घेता, कसे घेता, शेवटचे कधी घेतले. दारू किती, बेन्झोडायझेपीन (चिंता किंवा झोपेसाठीच्या गोळ्या) घेता का. याआधी ब्युप्रेनॉर्फिन घेतले आहे का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येते, आणि ते घेतलेले असते रस्त्यावरून विकत. त्यावर भुवया उंचावू नका. ज्याने आधी घेतले आहे त्याला किती तास थांबायचे, कोणत्या डोसला बरे वाटते हे तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. रस्त्यावर विकले जाणारे ब्युप्रेनॉर्फिन बरेचसे मजेसाठी नव्हे तर अंगमोड, उलट्या आवरण्यासाठीच घेतले जाते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. मग गरोदरपण, यकृत, इतर औषधे, आत्महत्येचे विचार, घरात लहान मूल. पीडीएमपी कॉल चालू असतानाच उघडा. एवढ्याला अर्धा-पाऊण तास पुरतो.

विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, मोजायचे कॉव्ज हे मोजमाप ११ मुद्द्यांचे आहे, आणि त्यातले जवळपास सगळे स्क्रीनवर जमते. जांभया, घाम, नाक गळणे, अस्वस्थ चुळबुळ दिसते. हात पुढे धरायला सांगितला की कंप दिसतो, बाही वर केली की अंगावरचा काटा. डोळ्यांच्या बाहुल्यांसाठी चेहरा खिडकीकडे करायला सांगा, गडद डोळ्यांत तरीही नीट कळत नाही. नाडी रुग्णाला मोजायला शिकवा. गळ्याशी दोन बोटे ठेव आणि मोठ्याने मोज, मी घड्याळ बघतो. नुसता फोन असेल तर रुग्णाने स्वतः भरायची प्रश्नावली वापरा. हा रुग्ण आयुष्यात शेकडो वेळा ‘डोपसिक’ झालेला असतो. आपण कितपत आजारी आहोत हे त्याला कळते.

गोळी घरीच सुरू करायची. घरी सुरुवात करणे ही टेलिहेल्थने काढलेली पळवाट नव्हे. प्रत्यक्ष क्लिनिकमधूनही ती वर्षानुवर्षे होत आली आहे आणि अमेरिकन सोसायटी ऑफ ॲडिक्शन मेडिसिनची २०२० ची मार्गदर्शक सूत्रेही तिला मान्यता देतात. जुनी रीत अशी: हेरॉईन किंवा कमी काळ टिकणाऱ्या गोळ्या असतील तर शेवटच्या डोसनंतर निदान १२ तास थांबायचे, कॉव्ज ८ ते १२ च्या पुढे गेला की ४ मिलिग्रॅम जिभेखाली, तासा-दोन तासांनी गरज वाटली तर आणखी ४, पहिल्या दिवशी ८ ते १६ पर्यंत.

फेंटानिलने ही रीत बिघडवली. ते चरबीत साठते, रोज घेणाऱ्याच्या अंगातून सावकाश बाहेर पडते. २४ तास थांबूनही पहिल्या गोळीने फेंटानिलला रिसेप्टरवरून ढकलले की रुग्णाला अर्ध्या तासात प्रचंड विथड्रॉवल येतो. हे एकदा झालेला माणूस तुमच्याकडे परत येत नाही, आणि गावातल्या दहा जणांना सांगतो की हे औषध विष आहे. छोट्या गावात हे पसरायला दोन दिवस लागतात. म्हणून फेंटानिलवाल्यांत मी कॉव्ज १३ च्या आसपास जाईपर्यंत थांबायला सांगतो आणि मग पहिला डोस मोठा, ८ मिलिग्रॅम देतो. ज्यांना थांबणेच शक्य नाही त्यांच्यासाठी उलटा मार्ग: अर्धा मिलिग्रॅमपासून रोज थोडे थोडे वाढवत आठवडाभरात पूर्ण डोसला न्यायचे, दरम्यान आधीचे ओपिऑइड अचानक तोडायचे नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ही पद्धत मांडली. पद्धत चांगली आहे, पण फिल्मचे (औषधाची जिभेखाली विरघळणारी पातळ पट्टी) चार-आठ तुकडे कापायचे आणि तक्ता पाळायचा, हे पार विस्कटलेल्या घरात जमत नाही. माझा कल म्हणून पहिल्या पद्धतीकडे आहे. तरीही विथड्रॉवल उसळलाच तर घाबरून औषध थांबवू नका, आणखी ब्युप्रेनॉर्फिन द्या. बरोबर अस्वस्थता, उलट्या आणि जुलाबांसाठी क्लोनिडीन, ओंडान्सेट्रॉन, लोपेरामाइड आधीच लिहून ठेवलेले असू द्या. आणि पहिल्या डोसनंतर दोन तासांनी तुमचा किंवा नर्सचा फोन गेलाच पाहिजे. माझ्या मते सगळ्या उपचारातला सर्वात मोलाचा फोन हाच. तो पाच मिनिटांचा असतो.

गोळी गिळली तर काम करत नाही, हे प्रत्येकाला सांगावे लागते. तोंड ओले करून जिभेखाली, विरघळेपर्यंत बोलायचे नाही, सिगारेट नाही. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर दात घासायचे नाहीत. २०२२ मध्ये एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी अमेरिकी संस्था) दातांच्या हानीबद्दल इशारा दिला तो याच कारणाने, आणि ज्या काउंटीत दंतवैद्यच नाही तिथे हे महत्त्वाचे आहे. रोजचा डोस बहुतेकांना १६ ते २४ मिलिग्रॅम लागतो. १६ ही छातीवर हात ठेवून पाळायची कमाल मर्यादा नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएनेही लेबलात तशी स्पष्टता आणायला सांगितले. अर्धवट डोसवर तलफ राहिली की रुग्ण पुन्हा रस्त्यावर जातो आणि आपण म्हणतो, त्याची इच्छाशक्ती कमी पडली.

आता फार्मसी. माझे अपयशी ठरलेले प्रारंभ आठवले तर बहुतेकांत डॉक्टर, रुग्ण, इंटरनेट सगळे ठीक होते. गोळीच मिळाली नव्हती. फार्मासिस्टच्या बाजूने बघा. त्याला शिकवलेले असते की दूरचा डॉक्टर, लांबून आलेला रुग्ण, रोख पैसे, अनेकांना एकच औषध एकाच डोसमध्ये, ही सगळी संशयाची चिन्हे आहेत. ग्रामीण टेलिहेल्थच्या कुठल्याही प्रामाणिक प्रिस्क्रिप्शनमध्ये यातली निदान दोन तरी असतातच. त्यात घाऊक वितरकांची देखरेख. ओपिऑइड वेदनाशामक गोळ्यांच्या महापुराबद्दल २०२२ मध्ये मोठ्या वितरकांबरोबर २१ अब्ज डॉलरचा समझोता झाला, आणि तेव्हापासून नियंत्रित औषधांच्या मागणीवर त्यांची नजर आणखी कडक झाली. एखाद्या लहान दुकानाने ब्युप्रेनॉर्फिन अचानक जास्त मागवले तर ऑर्डर अडकते. ज्या गोळ्यांनी गाव बुडवले त्यांच्यासाठी लावलेली चाळणी आता उपचाराच्या गोळीला अडवते आहे. मला याचा राग येतो, पण समोरच्या फार्मासिस्टवर तो काढून काही मिळत नाही.

मग काय करायचे? पहिले प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी काउंटीतल्या प्रत्येक फार्मसीत स्वतः जा. तुम्ही तिथेच राहता, मला हे भाग्य नाही. सांगा की मी अमुक, हा उपचार सुरू करतो आहे, महिन्याला साधारण इतके रुग्ण धरा, म्हणजे साठा हळूहळू वाढवता येईल. स्वतःचा मोबाइल नंबर द्या, ऑफिसचा नव्हे. प्रिस्क्रिप्शनवर निदानाचा कोड, एफ११.२०, लिहा आणि टिपणीत ‘अमुक तारखेला प्रत्यक्ष तपासले’ हे एक वाक्य घाला. अर्धा संशय तिथेच मिटतो. कॉल संपवण्याआधी, रुग्ण लाइनवर असतानाच, फार्मसीला विचारा: आज साठा आहे? किती वाजता बंद करता? फिल्म आहे की गोळ्या, आणि या रुग्णाच्या मेडिकेडला (गरिबांसाठीचा सरकारी विमा) त्यातले काय चालते? साठा नसेल तर इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन रुग्णाच्या विनंतीवरून एकदा दुसऱ्या फार्मसीत हलवता येते. ऑगस्ट २०२३ पासून केंद्राचा नियम तशी परवानगी देतो, राज्याची आडकाठी नसली तर. काउंटरवरच्या कित्येकांना हे माहीत नसते, नम्रपणे सांगा. शुक्रवारी दुपारी चारनंतर सुरुवात टाळता आली तर टाळा. पण रुग्ण शुक्रवारीच तयार झाला असेल तर ‘सोमवारी बघू’ म्हणू नका; तुमच्या इस्पितळाच्या ईआरमधून (तातडीच्या विभागातून) ३ दिवसांपर्यंतचा साठा हातात देता येतो, केंद्राच्या नियमात ती सोय आहे. ईआरच्या प्रमुखाशी आणि इस्पितळाच्या फार्मसीशी हे आधी बोलून ठेवावे लागते. ऐन वेळी कुणी ऐकत नाही.

लघवीच्या तपासणीबद्दल तुम्ही बरीच काळजी केली आहे, मला ती तितकी वाटत नाही. लघवी तपासायच्या साध्या ओपिएट कपात फेंटानिल दिसतच नाही, ब्युप्रेनॉर्फिनही नाही. दोन्हींच्या वेगळ्या पट्ट्या लागतात. लाळेच्या चाचण्या पोस्टाने पाठवून व्हिडिओसमोर करून घेता येतात. औषध खरेच घेतले जाते का हे पाहायचे तर प्रयोगशाळेत नॉरब्युप्रेनॉर्फिन (औषधापासून शरीरात तयार होणारा पदार्थ) मागवा. गोळी नुसती लघवीत बुडवली असेल तर मूळ औषध भरपूर आणि हा पदार्थ जवळपास नाही, असे दिसते. पण चाचणीत फेंटानिल आले म्हणून औषध बंद करणे हा मूर्खपणा आहे. साखर वाढली म्हणून इन्सुलिन बंद करतो का आपण? समुपदेशनाचेही तसेच. मिळाले तर उत्तम, पण समुपदेशक मिळेपर्यंत गोळी अडवू नका.

फोनवर कुणाला घेऊ नये? रोज भरपूर दारू किंवा बेन्झोडायझेपीन घेणारा, ज्याला ते सुटल्यावर फिट येण्याचा धोका आहे, त्याला आधी इस्पितळात न्या. मात्र फक्त बेन्झो घेतो एवढ्यावरून ब्युप्रेनॉर्फिन नाकारू नका, एफडीएने २०१७ मध्येच तसे बजावले आहे. गरोदर स्त्रीला औषध जरूर द्या, उशीर करू नका, पण प्रसूतितज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट जोडून. झायलाझीन (जनावरांना गुंगीसाठी देतात ते औषध) मिसळलेल्या मालामुळे होणाऱ्या खोल काळ्या जखमा स्क्रीनवर पाहून भागत नाही. अलीकडे पेनसिल्व्हेनियाकडून मेडेटोमिडीन या तशाच आणखी एका औषधाची भेसळ असलेल्या मालाच्या बातम्या आहेत. त्याचा विथड्रॉवल वेगळाच: रक्तदाब, नाडी भडकते, उलट्या थांबत नाहीत, आणि ब्युप्रेनॉर्फिनने तो आटोक्यात येत नाही. असे दिसले तर सरळ ईआर.

आणि रक्त तपासा. इंडियानातल्या स्कॉट काउंटीत ऑस्टिन नावाचे जेमतेम चार हजार वस्तीचे गाव आहे. ऑक्सिमॉर्फोन या ओपिऑइड वेदनाशामकाच्या गोळ्या विरघळवून, एकमेकांच्या सुयांनी टोचून घेण्यातून तिथे २०१५ च्या सुमारास एचआयव्हीचा उद्रेक झाला आणि बाधितांची संख्या दोनशेच्या वर गेली. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी एकदा तरी पाहायलाच हवे. हेपटायटिस सीचा उपचार आज ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांचा आहे, तुम्ही स्वतः करू शकता.

महिन्याच्या इंजेक्शनचा विचार तुम्ही माझ्याआधी करायला हवा, कारण ते फोनवरून टोचता येत नाही आणि तुमच्याकडे नर्स आहे. ब्युप्रेनॉर्फिनच्या महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनला २०१७ मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली. ते रुग्णाच्या हातात द्यायचे नसते, कारण शिरेत गेले तर जिवावर बेतते. पण एकदा घेतले की फार्मसीच्या फेऱ्या, हरवलेल्या गोळ्या, घरातले लहान मूल, चोरी, हे सगळे प्रश्न एकदम मिटतात. गोळ्याच चालू ठेवल्या तर कुलूपबंद डबी आणि घरात नालोक्सोनचा (ओव्हरडोसवरचा उतारा) फवारा, ही माझी अट असते. फवारा चिठ्ठीशिवाय विकायला मार्च २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि आता तो तसा मिळतो, तरी प्रिस्क्रिप्शनच लिहा, म्हणजे विमा पैसे देतो.

व्हिडिओ की फोन, यावर वाद घालू नका. डोंगराच्या खोबणीत सिग्नल नसतो. लोक वाचनालयाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून किंवा चढावर जाऊन फोन लावतात. गरीब घरांना इंटरनेटसाठी महिना ३० डॉलर देणारी केंद्राची योजना १ जून २०२४ ला संपली, तेव्हापासून व्हिडिओ आणखी तुटक झाला. प्रीपेड फोनची मिनिटे महिनाअखेर संपतात, म्हणून फॉलोअप महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा. फोनचा एक मोठा फायदा शहरातल्यांना कळत नाही: छोट्या गावात कुणाची गाडी कुठल्या दारासमोर उभी आहे हे सगळ्यांना समजते, आणि रिसेप्शनवरची बाई रुग्णाची मामेबहीण असते. घरातही एकांत असेलच असे नाही. ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का, फक्त हो किंवा नाही म्हणा’ हे आधी विचारा. मारहाण करणारा नवरा शेजारी बसलेला असू शकतो.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. कॉल चुकला तर प्रिस्क्रिप्शन बंद नव्हे. तीन दिवसांचे छोटे प्रिस्क्रिप्शन पाठवा आणि नर्सला फोन करायला सांगा. उपचार सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे मृत्यूच्या दृष्टीने सर्वात वाईट असतात, शिक्षा म्हणून कुणालाही तिथे ढकलू नये. ‘किती दिवस घ्यायचे?’ हे सगळेच विचारतात. मी सांगतो की मुदत नाही, आयुष्य रुळावर आले आणि तुम्हालाच वाटले तर पुढे सावकाश कमी करू. मधे प्रोबेशन ऑफिसर किंवा एखादे न्यायाधीश ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणत औषध बंद करायला लावतात. तेव्हा पत्र लिहा. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पष्ट केले आहे की डॉक्टरांनी दिलेले हे औषध घेतल्याबद्दल भेदभाव करणे अपंगत्व कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. पत्र एका पानाचे असावे, सूर शांत असावा.

लायसन्सची भीती राहिलीच. निदानाचे निकष, पीडीएमपी पाहिल्याची तारीख, रुग्णाचे ठिकाण, डोसमागचे कारण आणि पुढचा बेत, एवढे प्रत्येक नोंदीत असेल तर तुम्ही सुरक्षित आहात. अडलात तर विचारायला माणूस हवा, त्यासाठी प्रोजेक्ट एको पाहा. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हेपटायटिस सीसाठी तो सुरू केला: तज्ज्ञ आणि खेड्यापाड्यातले डॉक्टर आठवड्यातून एकदा व्हिडिओवर जमतात आणि खऱ्या केसेस मांडतात. आता व्यसनउपचारासाठी असे गट बऱ्याच राज्यांत आहेत आणि सामील व्हायला पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका. तुम्ही तीन-चार आठवड्यांसाठी घरी भारतात जाल तेव्हा ही प्रिस्क्रिप्शने कोण लिहिणार? तिकडून रात्री जागून लिहीन हा विचार मनातून काढा, मेडिकेअर देशाबाहेरून दिलेल्या सेवेचे पैसे देत नाही आणि डीईएच्या बाजूने ती मोठी कटकट आहे. इस्पितळातल्या एखाद्या नर्स प्रॅक्टिशनरला आजपासूनच बरोबर घ्या, तिचे ८ तासांचे प्रशिक्षण झाले आहे का ते विचारा, आणि पहिल्या रुग्णापासून तिला कॉलवर बसवा.